गवतगाडीची फुटकी टाकी

टाकी उंदरानं खाल्ली, असं आमच्या घरातल्या एका माणसाचं आजही म्हणणं आहे. त्या माणसाबरोबर मी पन्नासच्या वर वर्षं संसार केलाय. तो खोटं बोलायला लागला की उजव्या हातानं डावा कान खाजवतो. त्या सकाळी त्यानं कान इतका खाजवला की मला वाटलं, आता हातात येतो.

टाकी म्हणजे पेट्रोलची टाकी, आणि ती आमच्या गवतगाडीची. गवतगाडी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी बैलगाडीचं काहीतरी सांगतेय. मोठ्या लोकांच्या बंगल्यापुढं हिरवळ असते ना, ती कापायला एक बुटकी गाडी येते. चार चाकं, एक स्टेअरिंग, वर एकट्या माणसाची खुर्ची आणि पोटाखाली फिरणारी पाती. माणूस खुर्चीत बसून गाडी फिरवतो आणि खाली गवत कापलं जातं. श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसपुढं अशी एक होती. हिरवळ वाळून गेली, साहेब बदलून गेले, आणि जुन्या पंखे-खुर्च्यांबरोबर ती गाडीही लिलावात निघाली. आमचे हे तिथं गोठ्यासाठी जुने पत्रे बघायला गेले होते. येताना टेम्पोत पत्र्यांऐवजी ही.

"हे काय आणलंय?" मी विचारलं.

"घास कापायचं यंत्र," हे म्हणाले. अगदी छाती काढून.

आमच्याकडं गाईंना लसूणघास असतो. रोज सकाळी वाकून विळ्यानं कापायचा. कारखान्यावर त्या गाडीखालून हिरवं हिरवं बाहेर पडताना ह्यांनी कधीकाळी बघितलं होतं, तेव्हापासून बसून घास कापायचं खूळ डोक्यात. गाडीची पूजा झाली. सुनेनं हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. हे खुर्चीत बसून घासाच्या वाफ्यात शिरले आणि दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर वाफ्याची चटणी झाली. चटणीच, दुसरा शब्द नाही. अर्धी मातीत कालवलेली, अर्धी ह्यांच्या पायजम्यावर. उरलेली गोळा करून गाईंपुढं टाकली, तर त्यांनी एकदा हुंगली आणि ह्यांच्याकडं तोंड वर करून बघितलं. मी इतक्या वर्षांत ह्यांच्याकडं तसं बघितलं नसेल, आणि मी काही कमी वेळा बघितलेलं नाही.

पाती काढून टाकली. गाडी गोठ्याच्या कडेला उभी राहिली. कोंबड्या तिच्या खुर्चीत अंडी घालायला लागल्या. आणि कोंबड्यांना हाकलून तिच्यावर बसले मी.

त्याचं कारण माझे गुडघे. ते गेलेत. डॉक्टर म्हणाले बदला, मी म्हटलं, ह्या वयात नवीन गुडघे घेऊन कुठं लग्नाला उभी राहायचंय? पण चालणं संपलं. आम्ही राहतो वस्तीवर, म्हणजे गावात नाही, रानातच घर. माझी थोरली बहीण, आक्का, तिची वस्ती आमच्यापासून दीडएक मैलावर, चारीच्या काठानं. चारी म्हणजे कालव्याचा लहान फाटा. तिच्या काठची वाट अरुंद, मधे एक जुनी मोरी, म्हणजे चारीवरचा लहानसा पूल, तिच्यावरून मोठी गाडी जात नाही. डांबरी रस्त्यानं गेलं तर गावाला वळसा. मोटरसायकलवर मागं बसायचं तर पाय वर जात नाही, आणि एकदा बसलं की उतरवायला दोन माणसं लागतात, पोत्यासारखी.

आक्का ऐंशीच्या पुढं गेलीय. तिला आता दिसत नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो. तिच्या घरात माणसं आहेत, वाईट नाहीत, पण सगळी कामाची. तिच्याशी बोलायला निवांत कोण? मी रोज चारला जायचे. पेपर न्यायचे. मला वाचायला कुणी शिकवलं नाही, दुकानातून आलेल्या पुड्यांच्या कागदावरून मी माझी शिकले, त्यामुळं अजूनही मला बातमी अर्धवट राहिली की चैन पडत नाही, पुढचा भाग दुसऱ्याच्या घरी गेला असेल असं वाटतं. आक्काला पेपरातलं राजकारण नको असतं. तिला खून लागतात, आणि कुणाकुणाचं दशक्रियेचं छापून आलंय ते. ते वाचून झालं की आम्ही भांडतो. साठ वर्षांपूर्वीच्या एका ठुशीवरून. ती ठुशी आईनं मला दिली होती. आक्का म्हणते तिला दिली होती. ठुशी आता दोघींकडंही नाही, पण भांडण शाबूत आहे.

तर त्या गवतगाडीवर बसून मी चारीच्या काठानं जायला शिकले. वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडा जास्त. ब्रेक आहे, हॉर्न नाही. समोर म्हशी आल्या की मी ओरडते. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल, मांडीवर पेपर. पहिल्या दिवशी मोरीजवळ ऊसतोडीच्या बाया कोयते खाली ठेवून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "आजे, कुठं निघाली सर्कस?"

"तुझ्या सासरी, तुझं गाऱ्हाणं सांगाया!" मी म्हटलं. पुढं त्या रोज हात करायच्या.

मग कुणीतरी मोबाईलमधे माझा व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. माझ्या लेकाला डेअरीवर लोकांनी दाखवला. तो घरी आला ते तोंड पाडूनच.

"आई, लोकं हसत्यात."

"मग बरं हाय की. रडत्यात का?"

"तसं न्हाई. गाणं लावलंय त्याला खाली."

"कंचं?"

त्यानं सांगितलं नाही. मला वाटतं गाणं चांगलं असावं.

तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत ती गाडी खुपत होती. आणि नेमकी तेव्हाच टाकी फुटली.

झालं असं. सकाळचा दूध न्यायचा टेम्पो एक दिवस आलाच नाही. डेअरी आमच्यापासून तशी जवळ, आणि ह्यांच्या डोक्यात आलं की गवतगाडी आहेच. खुर्चीच्या मागं एक सपाट जागा आहे. त्यावर ह्यांनी चाळीस लिटरचा दुधाचा कॅन ठेवला, दोरीनं आवळला आणि गेले. त्या सपाट जागेखाली काय असतं, असं त्यांनी गाडीला विचारलं नाही. तिथं, पार खुर्चीच्या खालपर्यंत, पेट्रोलची टाकी असते. प्लास्टिकची, दुधी रंगाची, लहान कळशीएवढी. जाताना रस्त्यानं गचके खात दूध पोचलं. येताना मागं पेट्रोलची रेघ आली, आमच्या फाटकापासून गोठ्यापर्यंत. वास मला ओट्यावर आला.

"अहो, कॅन ठेवला होता ना मागं?"

"कॅनचा काय संबंध? उंदीर झालेत गोठ्यात. उंदरानं कुरतडली." आणि हात कानाकडं.

लेकाला संधी मिळाली. तो म्हणाला, "येत्या बाजाराच्या दिवशी भंगारवाला येतोय, जुना पंप न्यायला. ही बी देऊन टाकू."

"देऊन टाकू? मी आक्काकडं जाऊ कशी?"

"मी नेईन की. रविवारी."

"आठवड्यातनं एकदा? तिला तू रविवारी जेवायला घालशील का मग, सहा दिस उपाशी ठिवून?"

 पोरगं वाईट नाही. शेवटी म्हणाला, "बाजाराच्या दिवसापर्यंत टाकी सांधली तर ठिव. न्हाई सांधली तर भंगारात. बोल."

मी शब्द घेतला. सहा दिवस होते. सहा दिवसांत टाकी झाली नाही तर आक्का आणि मी आठवड्याच्या बाया होणार होतो.

पहिले दोन दिवस ह्यांनी खाल्ले. गुन्हेगार तो, आणि दुरुस्तीपण त्याचीच. ह्यांचं पहिलं औषध साबण. मोटरसायकलच्या टाकीला बारीक भोक पडलं की आमच्याकडं सगळे साबण घासतात, आणि खरंच थांबतं. अंगाचा नाही, धुण्याचा. पण ती टाकी पत्र्याची असते. ह्यांनी सुनेच्या कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी त्या चिरेत चोळली, वरून थुंकी लावली, ती का लावली ते विचारू नका, आणि पेट्रोल ओतलं. दोन तास टाकी गप्प बसली. मी आशेनं पेपर हातात घेतला. तेवढ्यात टप्प.

दुसऱ्या दिवशी लांबी. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळून लावतात ती. ह्यांनी कणीक मळावी तशी मळली. आयुष्यात कणीक मळली नाही कधी, पण हे मळताना हात असा फिरत होता की मला सुनेला हाक मारावीशी वाटली, बघ, येतंय ह्यांना, इतकी वर्षं लपवून ठेवलं. लांबी लावली, दिवसभर वाळवली. संध्याकाळी पेट्रोल टाकलं तर लांबीची पूर्ण पोळीच्या पोळी सुटून खाली पडली. हे तिच्याकडं बघत बसले.

"उंदीर लई जोराचा हुता," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी कारभार हातात घेतला.

तालुक्याच्या बाजारात मागच्या बाजूला, भांड्यांच्या गल्लीच्या टोकाला एक भाभी बसते. तिचा नवरा कल्हईवाला होता. तो भाता मारायचा आणि ही भांडी घासून द्यायची. मग तो गेला, आणि पितळी भांडीही लोकांच्या घरातून गेली. भाता भाभीनं ठेवला. आता ती प्लास्टिक सांधते. पिंपं, बादल्या, पाण्याच्या टाक्या, फवारणीचे पंप. पूर्वी फुटक्या भांड्यांना डाख लावायची तीच लोखंडी कांडी तापवून ती प्लास्टिकमधून फिरवते, शिवण घालावी तशी. आमची तिची ओळख जुनी, माझ्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांना तिच्या नवऱ्याची कल्हई.

जायचं कसं? दुधाचा टेम्पो आता परत सुरू झाला होता, तो डेअरीवरून पुढं तालुक्याला जातो. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, हे मागं कॅनच्या गर्दीत. टाकी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती, वास येऊ नये म्हणून. वाटेत एक बाई चढली, लुगड्याकडं वाकून म्हणाली, "नातू का?"

"व्हय."

"कुणावर गेलाय?"

"आज्यावर. सारखा गळतोय."

मागून खोकल्याचा आवाज आला.

भाभीनं टाकी हातात घेतली आणि आधी नाकाशी नेली. मग चिरेवर अंगठा फिरवला, वरून खाली, परत खालून वर. हे लगेच म्हणाले, "उंदरानं खाल्लीय."

"भाऊ," भाभी म्हणाली, "उंदरानं कुरतडलेल्या बादल्या माझ्याकडं आठवड्याला चार येतात. त्यांचा काठ खडबडीत असतो, दाताच्या रेघा असतात. ही बघा, सरळ फाटलीय, कोपऱ्यातून. वरून ओझं बसलंय हिच्यावर. काय ठेवलं होतं?"

हे आभाळाकडं बघून म्हणाले, "आज ऊन लई हाय."

"किती किलो होतं ऊन?" भाभी म्हणाली.

मी असं हसले की पदर तोंडात घालावा लागला. भाभी हसली नाही. तिच्या धंद्यात हसून चालत नाही, तोंड कोरडं ठेवूनच ती माणसं मारते.

मला वाटलं आता कांडी तापवील आणि तासाभरात देईल. तिनं मान हलवली. "ताई, आज हिला कांडी लावली तर मी आणि तुम्ही दोघी एकदमच वर जाऊ. पेट्रोल सांडून दिलं तरी त्याची वाफ आत बसलेली असते. आधी आंघोळ."

साबणाच्या पाण्यानं तिनं टाकी तीनदा खळखळून धुतली. दर वेळी पाणी ओतून देऊन नाक लावायची. मग तोंड खाली करून पत्र्याच्या शेडपुढं उन्हात टांगली. ती टांगताना मागची लांबी-साबणाची घाण तिला दिसली. नखानं खरवडून तिनं हुंगली.

"साबण लावला होता?"

"हो," हे म्हणाले.

"थुंकी पण?"

ह्यांचा हात कानाकडं गेला. तिला कसं कळलं देव जाणे. पुरुष सगळे सारखीच दुरुस्ती करत असावेत.

"परवा या," भाभी म्हणाली. "आणि येताना एक चहाची गाळणी आणा. बारीक जाळीची, स्टीलची."

परवा म्हणजे पाचवा दिवस. सहाव्या दिवशी बाजार. मी घरी येऊन बोटं मोजत बसले. मधल्या दिवशी चार वाजले तसे माझे पाय आपोआप गोठ्याकडं वळले. गाडी उभी, खुर्ची उचललेली, टाकीच्या जागी भोक. एक कोंबडी त्या भोकात बसून माझ्याकडं बघत होती. आक्काच्या वस्तीवरून कुणी आलं नव्हतं, फोनही आला नव्हता. तिला फोनवर ऐकू येतं नीट, पण ती फोन हातात धरत नाही. म्हणते, दिसत नाही ती गोष्ट कानाला कशाला लावायची.

गाळणी आमच्या घरात एकच होती. ती मी पाचव्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर पिशवीत टाकली. मी निघायच्या आधी सुनेनं दुसरा चहा फडक्यातून गाळला, आणि लेकाच्या कपात पावडर गेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "तूच म्हणाला व्हतास, सांध."

भाभीनं त्या दिवशी काय केलं, ते मी समोर बसून बघितलं. आधी तिनं परत टाकी हुंगली आणि मला हुंगायला दिली. मग चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. मी घाबरले, फुटक्याला आणखी भोकं? ती म्हणाली, "चीर चालत असते ताई. टोकाला गोल भोक पाडलं की थांबते, पुढं वाट नसते तिला." मग तिनं टाकीचा एक बारीक छिलका काढून पेटवला. मेणबत्तीसारखा वास आला. शेडमधल्या ढिगातून तिनं एक जुनी फवारणीच्या पंपाची टाकी काढली, तिचाही छिलका पेटवला, वास तोच. "एकाच जातीचं पाहिजे," म्हणाली. "बादलीचं लावलं तर लागल्यासारखं दाखवतं आणि आठ दिवसांत सोडून जातं." त्या पंपाच्या तिनं सुरीनं पट्ट्या कापल्या, शेवयांसारख्या. कांडी तापवली. चिरेत खोबण केली आणि त्या खोबणीत शेवई वितळवत वितळवत भरत गेली, दोन्ही बाजू एकात एक कालवत. घाई नाही. एक वीत चिरेला सगळी दुपार. शेवटी माझ्या गाळणीची जाळी कापून तिची पट्टी वर ठेवली, तापल्या कांडीनं आत दाबून बसवली, आणि वरून आणखी एक थर. काळपट, ओबडधोबड, भाजल्याच्या डागासारखी सांध दिसत होती.

"सुंदर न्हाई दिसत," हे म्हणाले.

"भाऊ, खुर्चीखाली वाकून कोण बघणार आहे?" भाभी म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "खाली रबर घाला, गचका बसता कामा नये. आणि वर फक्त माणूस. दूध नाही."

"दूध न्हाई," मी ह्यांच्याकडं बघून म्हटलं.

टाकी पाण्यानं भरून रात्रभर भाभीकडंच ठेवली, तिनंच तसं सांगितलं. सकाळी लवकर हे पहिल्या टेम्पोनं जाऊन घेऊन आले. एक थेंब गेला नव्हता. हे स्वतःच ट्यूब कापून रबर घालत बसले, बोल्ट आवळले, मधूनमधून माझ्याकडं चोरून बघत. ह्यांना माफी मागता येत नाही. इतकी वर्षं झाली, मी आता ट्यूबच्या तुकड्यालाच माफी समजते. पेट्रोल भरलं. गाडीखाली मी पेपर पसरला आणि खाली बसले, म्हणजे कुणीतरी बसवली. तासभर कागदाकडं टक लावून. कोरडा. त्या पेपरात एक जमिनीच्या बांधावरून झालेला खून होता, तोही वाचून झाला.

आणि दुपारी तीनच्या सुमाराला फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो आला.

त्यानं जुना पंप टेम्पोत टाकला आणि लेक त्याला घेऊन सरळ गवतगाडीकडं.

"अरे, टाकी झाली!" मी म्हटलं. "तू शब्द दिला हुता."

"आई, तसं न्हाई गं. आता हा आलाच हाय. आणि टाकी आज झाली, उद्या दुसरं काय तरी होईल. तू त्या चारीच्या काठानं एकटी, अन् लोकं मोबाईल काढून..."

"मंजी टाकीचं कधीच नव्हतं."

तो जमिनीकडं बघत उभा राहिला, लहानपणी शाळेचं दप्तर हरवलं होतं तेव्हासारखा. माझा राग निम्मा तिथंच गेला, पण मी तो गेल्याचं दाखवलं नाही.

भंगारवाला गाडीभोवती फिरत होता. वाकला, चाकं दाबली, म्हणाला, "चालती काय ही?"

"न्हाई न्हाई," लेक म्हणाला.

"चालती," मी म्हटलं.

"चालत असंल तर मी घेत न्हाई." भंगारवाला सरळ उभा राहिला. "मावशी, आमचा नियम हाय. चालू गाडी टेम्पोत दिसली की रस्त्यात कागद मागत्यात, कुठनं उचलली म्हणत्यात. मला भंगार पाहिजे. भंगार मंजी मेलेलं."

मला दुसरं काही नको होतं. "अहो, बसवा मला," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी एका बाजूनं धरलं, आणि लेकानं, गंमत बघा, सवयीनं दुसऱ्या बाजूनं. मी खुर्चीत बसले. किल्ली फिरवली. गाडीनं एक खोकला दिला आणि गप्प. आठवडाभर बसून होती ती. परत फिरवली. खोकला. सगळे माझ्याकडं बघतायत, सून दारात, गाई पण. मनात म्हटलं, बाई, तुझ्या पोटात माझी गाळणी आहे, त्या गाळणीची तरी लाज ठेव. तिसऱ्यांदा फिरवली तशी ती धडधडली, मागनं निळा धूर निघाला आणि दोन कोंबड्या ओरडत पळाल्या.

"जित्ती हाय," भंगारवाला म्हणाला आणि टेम्पोकडं निघाला.

मी तशीच निघाले. थांबले असते तर बोलणं वाढलं असतं. सुनेनं धावत येऊन पेपरांचा गठ्ठा मांडीवर ठेवला, सहा दिवसांचे. तिनं ते साठवून ठेवले होते, मला न सांगता. चारीला पाणी सुटलेलं. ऊस दोन्हीकडं उभा, तोडणीवाल्या बाया पुढच्या रानात गेलेल्या. मधे एकदा थांबून खुर्चीखाली बोट घातलं. कोरडं.

मोरीजवळ आले तर मोरीवर आमचे चिरंजीव. मोटरसायकल डांबरीवर लावून, उसातून आडवा चालत आला असावा, पँटीला सगळी कुसळं. हातात एक उसाचं पान, ते तो असं तपासत होता की जणू त्यावर लिहिलंय काहीतरी.

"हितं काय करतोस?"

"तांबेरा पडलाय का बघतोय."

"आपला ऊस तिकडं हाय."

"दुसऱ्याचा बी बघावा लागतो."

मोरी अरुंद. मी म्हटलं, "बाजूला हो, हॉर्न न्हाई मला." तो बाजूला झाला, पाय घसरून गुडघ्यापर्यंत चारीच्या गाळात गेला, आणि तिथूनच माझी चारही चाकं मोरीवरून जाईपर्यंत बघत राहिला. मी मागं वळले नाही. वळायला ती गाडी जागाही देत नाही.

आक्का बाहेर खाटेवर बसलेली. आवाज तिला लांबूनच आला असणार, कारण मी पोचले तेव्हा तिनं माझ्याकडं पाठ केली होती. ज्याला दिसत नाही ते माणूस बरोब्बर पाठ करतं, हे मी तिच्याकडंच बघितलंय.

"कोण?" ती म्हणाली.

"मी."

"मी कोण? माझी एक बहीण हुती, ती मेली सहा दिसांपूर्वी. तिच्या दहाव्याचं पेपरात आलं का ते वाचाया कोण न्हाई मला."

"अगं टाकी फुटली व्हती गाडीची."

"टाकी फुटली. पाय फुटले व्हते का?"

"पाय तर आधीच फुटलेत, ते तुला म्हाईत हाय."

तिच्या सुनेनं आतून दोन कप चहा आणून ठेवला, नेहमीसारखा. आक्कानं चाचपून एक कप माझ्याकडं सरकवला, जोरात, निम्मा बशीत.

"घे बाई तुझा तू आता," ती म्हणाली. "रोज चारला दोन कप करायला सांगत व्हते. तू येईना, अन् ओतून द्यायचं जिवावर येई. सहा दिस तुझा बी मीच प्याले. रातभर झोप न्हाई मला."